जोडणी करणाऱ्याशी बोलायचं नाही

वॉलरू, २ मे

डॅरिल,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. तू आईचा नंबर बंद करून टाकलास, माझे मेसेज उघडूनही बघत नाहीस, म्हणून म्हटलं कागदावर लिहू. पाकीट आलं की माणूस फोडतोच, विजेचं बिल समजून का होईना.

मी कोरल नॅनकिव्हेल. तीन वर्षांत तू इतकं काही विसरलायस की ओळख सांगितलेली बरी. शाळेची बस चालवायचे ती. तू मागच्या सीटवर बसून पेस्टीचा, त्या भाजलेल्या तिखट करंजीचा, चुरा सांडायचास आणि मी आरशातून डोळे वटारायचे. तुझी आई ग्लेनिस आणि मी पहिलीपासून एका बाकावरच्या. तिचं लग्न मी पाहिलं, तुझं बारसं पाहिलं आणि तुझ्या बापाच्या, ट्रेव्हरच्या, अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये तू जो तमाशा केलास तोही पाहिला.

सगळं गाव चहा पीत उभं होतं. तू कप खाली ठेवलास आणि तिला म्हणालास, "तीस वर्षं बाबांच्या शेजारी बसून देश फिरलीस आणि गाडीमागची एक कॅरॅव्हॅन सोडवता आली नाही तुला. ते सकाळपासून तडफडत होते आणि तू नुसती बसून राहिलीस." ती म्हणाली, "मला येत नव्हतं रे." तू म्हणालास, "तेच तर." आणि निघून गेलास तो गेलासच, थेट पश्चिमेला, एस्परन्सला. सगळ्यांनी सँडविचकडे बघितलं. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू.

आता कामाचं बोलते. ग्लेनिस तुला भेटायला येतेय. विमानानं नाही. ट्रेव्हरच्या कॅरॅव्हॅननं. तो गेल्यापासून ती चाकांवरची खोली शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. उंदरांनी गादी कुरतडली होती, ती आम्ही बदलली. टायर बदलले. तिच्या पुढे गाडी माझी आणि चालवणार मी. रस्ता तोच, नलरबॉरच्या ओसाड माळावरचा. मी तिला म्हटलं, बाई, ज्या रस्त्यावर नवरा गेला त्याच रस्त्यानं कशाला? तर म्हणते, दुसरा रस्ता आहे का? नाहीच आहे म्हणा.

तब्येत विचारशील तर बरी आहे. थोडी वाळलीये. या वयात वाळतो माणूस.

तुझ्यासाठी क्वांडाँगचा जाम केलाय. माळावरची ती लाल फळं वेचायला वाकवत नव्हतं तिला, तरी वेचली. मला हात लावू दिला नाही, म्हणे तू कच्ची तोडतेस.

मला एवढंच हवंय: तू दार उघडशील की नाही? हो किंवा नाही, माझ्या फोनवर एक ओळ टाक. इतक्या लांब नेऊन तिला बंद दारापुढे उभं करायची माझी तयारी नाही.

कोरल आंटी

किम्बा, १० मे

डॅरिल,

हे पत्र पेटीत टाकायचं की नाही ते अजून ठरत नाहीये. तरी लिहिते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला गाडी चालवायला सुचायचं नाही, आणि शेजारी जी बसते तिच्याशी हे बोलता येत नाही.

कॅरॅव्हॅनवाल्यांत कामं कशी वाटलेली असतात ते तुला माहीत आहे. बाहेरचं बाप्याचं, आतलं बाईचं. तो गाडीला कॅरॅव्हॅनची जोडणी, साखळ्या, चाकं, गॅस, संडासाची टाकी बघणार. ती कपाटांच्या कड्या लावणार, कप फडक्यात गुंडाळणार, छताची खिडकी ओढून घेणार. तुझ्या घरात तर हे वेदवाक्य होतं. कॅम्पवर कुणी बाई हूकपाशी दिसली की ट्रेव्हर म्हणायचा, "झालं, आता ही मागची खोली रस्त्यावर सोडून एकटीच पुढे जाणार." आणि ग्लेनिस सगळ्यांबरोबर हसायची.

आमचं ठरलं होतं, बाहेरचं माझ्याकडे, आतलं तिच्याकडे. आज सकाळी मी आंघोळीला गेले. परत येते तर ग्लेनिस हूकपाशी गुडघे टेकून बसलेली. मी ओरडणारच होते की अगं उठ, पाठ जाईल. पण एक नियम आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेला असतो. जोडणी करणाऱ्याशी बोलायचं नाही. कुणी का असेना. बोललं की एखादी पायरी सुटते, आणि सुटलेली पायरी कळते ती शंभराच्या वेगात. शेजारचा एक जण चहाचा मग घेऊन गप्पा मारायला येत होता. तिला बघून तोही जागच्या जागी थांबला. तेव्हा मी टॉवेल घेऊन उभी राहिले आणि बघत राहिले.

डॅरिल, तुझी आई ते काम माझ्यापेक्षा नीट करते.

गाडी तिनंच मागे घेतली होती, मागे कुणी हात दाखवायला नसताना, आणि हूकचा गोळा बरोबर जागेवर आणला होता. खटका बसवला, पिन घातली, उचलून बघितलं. साखळ्या घातल्या त्या फुलीत. दिव्यांची वायर लावली. पुढचं लहान चाक वर घेतलं. चाकांखालचे ठोकळे सगळ्यात शेवटी काढले, जसे काढायचे असतात. आणि शेवटी त्या लोखंडी दांड्यावर दोनदा थोपटलं, ट्रेव्हर थोपटायचा तसं. एकदाही थांबून आठवावं लागलं नाही तिला.

ती उभी राहिली, मला पाहिलं आणि चेहरा उतरला. चोरी पकडल्यासारखा.

"कुठे शिकलीस गं हे?" मी विचारलं.

"बघून बघून."

"बघून बघून मी पण लोकांच्या दाढा उपटते."

"गप गं बसवाली. उशीर होतोय."

मग गाडीत बसून तिनं खिडकीबाहेर गव्हाची शेतं बघितली, किम्बा येईपर्यंत. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हिला येतं. हिला तेव्हाही येत असणार. मग त्या दिवशी ही बसून का राहिली?

तुझ्या बापाला मी ओळखत होते. मला तो आवडायचा. आज दिवसभर मला तिच्याकडे नीट बघवलेलं नाही.

हे तुला पाठवलं तर तू काय म्हणशील ते कळतं मला. म्हणून आत्ता पाठवत नाही.

सेडूना, १३ मे

डॅरिल,

समुद्राकाठच्या कॅम्पवर फोनला रेंज आली आणि तुझी ओळ मिळाली. "का बसून राहिली ते तिला विचार. खरं सांगितलं तर दार उघडीन."

अजून जीव आहे म्हणायचा तुझ्यात. मी ते तिला वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग ती बराच वेळ त्या एकाच बटाट्याची सालं काढत राहिली, बटाटा संपत आला.

"सांग त्याला," मी म्हटलं.

"सांगितलंय. मला येत नव्हतं."

"ग्लेनिस, मी परवा डोळ्यांनी पाहिलंय."

"मग तुझे डोळे तपासून घे."

"तो दार उघडतो म्हणतोय. काय असेल ते सांगून मोकळी हो ना."

"नाही सांगणार. बंद राहू दे दार."

"मग आपण चाललोय कशाला?"

तर म्हणते, "तो सकाळी ट्रक घेऊन बंदरावर जातो ना, त्या रस्त्याला कडेला गाडी लाव. मी आतून बघीन. एवढं करशील ना?"

ऐकलंस? आईला तू रस्त्याच्या कडेवरून दिसलास तरी चालणार आहे.

आता एक सांगते. ते सांगू नको असं तिनं मला बजावलंय, पण एक गुपित तिनं स्वतःच ठेवलंय, दुसरं मी ठेवणार नाही. पहिल्या पत्रात तब्येत बरी आहे लिहिलं, ते खोटं. कॅन्सर आहे. पोटात, खोल, कापता येत नाही तिथे. कळलं तेव्हाच फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले औषधं देऊन बघू, ती म्हणाली नको, मला प्रवास करायचाय. दंडावर दुखणं दाबायच्या पट्ट्या चिकटवतो आम्ही. खाणं नावाला. मी केलेलं सूप दोन चमचे खाते आणि म्हणते, कोरल, तुला स्वयंपाक कधी आलाच नाही. त्यात तथ्य आहे म्हणून मी वाद घालत नाही.

ती तुझ्याकडे दया मागायला येत नाहीये. म्हणूनच सांगू नको म्हणाली. आजारी म्हटल्यावर तो उघडेल, म्हणे, आणि मग मला कळणारच नाही कुणासाठी उघडलं. असली हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, तू सोडून.

हे पत्र मात्र आजच टाकते आहे. सेडूनाहून पोचायला वेळ लागेल, पण पोचेल. आजारपणाचं वाचून तरी बघ. प्रश्न मागे घे. मागे घ्यायला काय जातं तुझं?

कोरल आंटी

सीमेवरचा कॅम्प, १६ मे

डॅरिल,

इथून पुढे तुमचं राज्य लागतं. नाक्यावर कीड पसरू नये म्हणून फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात, म्हणून काल ग्लेनिसनं उरलेले बटाटे, कांदे, सलगम घेऊन पेस्ट्या करायला घेतल्या. उभं राहवत नव्हतं. पलंगावर बसून कडा दुमडत होती आणि मी भाजत होते. शिजवलेलं चालतं, जाम चालतो. मध राहिला होता, तो नाक्यावर टाकून द्यावा लागेल म्हणून आम्ही दोघींनी बरणीत बोटं घालून खाल्ला. पोरींसारख्या. तिनं खाल्लेलं बघून मला बरं वाटलं. आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडलं.

म्हटलं, "ग्लेनिस, मला खरं सांग, नाहीतर मी गाडी वळवते. तुला सोडवायला येत होतं आणि तू त्याला मरू दिलंस, असं डोक्यात घेऊन मी तुझ्या शेजारी झोपू शकत नाही."

बोलले आणि वाटलं, जीभ झडावी. ती बोटं पुसत बसली. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

ट्रेव्हरच्या छातीत आधीच्या वर्षीच दुखायला लागलं होतं. कुणाला बोलला नाही. पण घरच्या अंगणात तिला सगळं शिकवलं, पुन्हा पुन्हा, शेडचं दार लावून, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. वाटेत कुणी नसेल तिथे तीच जोडणी करायची. कॅम्पवर लोक असले की तो करायचा. ती आत कप गुंडाळायची आणि काच जरा उघडी ठेवून त्याचा श्वास ऐकायची.

त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेल्या त्या जागी, समुद्रावरच्या कड्याजवळ, हमरस्त्यापासून आत कच्च्या वाटेवर ते थांबले होते. त्याला लोकांच्या जनरेटरचा आवाज नको असायचा. सकाळी त्याला कळ आली. उचलून गाडीत बसवायला गेली तर तो किंचाळला. फोनला रेंज नाही. ती म्हणाली, मी कॅरॅव्हॅन सोडवते आणि गाडी घेऊन जाते. बाहेर गेली. ठोकळे लावले, साखळ्या काढल्या, वायर काढली, पिन हातात घेतली. आणि आतून तो भिंतीवर ठोकायला लागला.

"आत गेले," ती म्हणाली, "तर रडत होता गं. ट्रेव्हर. म्हणाला, ग्लेन, जाऊ नकोस. मला एकट्याला भीती वाटतेय."

"मग?"

"मग बसले. बूट घातलेलेच होते. मध्ये मध्ये म्हणायचे, आता जाऊ का? तो हात आवळायचा. दुपारपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर कसली घाई होती. बाहेर गेले आणि सगळं परत जोडलं. होतं तसं. मग चालत हमरस्त्यावर गेले आणि ट्रक थांबवला."

मी विचारलं, परत जोडलंस कशाला?

"तो म्हणाला होता, पोराला सांगू नकोस मी घाबरलो म्हणून. सोडवलेली दिसली असती तर विचारलं असतं सगळ्यांनी, निघाली होतीस तर गेली का नाहीस."

मला राग आला, डॅरिल. तुझा आला, तिचा आला, मेलेल्या माणसाचाही आला. मी म्हटलं, "तू तीन वर्षं शिव्या खाल्ल्यास आणि त्याचं नाक वर ठेवलंस. पोराला कळलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"त्याच्याकडे बापाचं तेवढंच आहे गं. बाप कशाला घाबरत नव्हता, एवढंच. ते मी काढून घेऊ?"

"मी असते तर गेले असते. रडला असता तरी गेले असते. डॉक्टर घेऊनच आले असते."

ती हसली. म्हणाली, "गेली असतीस तू. बसवाली ना. तुझं काम वेळेवर पोचायचं."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. मग तिनं माझ्याकडून वचन घेतलं की तुला यातलं काही कळवणार नाही. मी दिलं. म्हणून हे पत्रही किम्ब्याच्या पत्राबरोबर पिशवीत राहील. उद्या पुढे निघतो.

कायगुना, १८ मे

डॅरिल,

आज पट्टी लवकर बदलावी लागली. पेट्रोलपंपावर मी म्हटलं, इथून सरळ नॉर्समनच्या हॉस्पिटलात जाऊ, मध्ये कुठे थांबायचं नाही. तर म्हणते, एक रात्र त्या जागी थांब. मला ती जागा पुन्हा बघायचीये. मग एस्परन्स.

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग इथेच उतरते, चालत जाईन." चालायला तिला संडासापर्यंतही माझा हात लागतो. पण तोंड तसंच.

मी हो म्हटलंय. नाही म्हणायला हवं होतं का, ते तू सांग. जामची बरणी तिनं उशाशी ठेवलीये, आडवी पडू नये म्हणून दोन उशांच्या मध्ये.

नॉर्समन, २१ मे

डॅरिल,

तुझी आई गेली. हॉस्पिटलनं तुला फोन केलाच असेल. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मी होते, म्हणून मी सांगते. या पाकिटात किम्ब्याचं, सीमेवरचं आणि कायगुनाचं पत्रही घातलंय. आधी ती वाच. वचन मोडलं मी. आता ते पाळून कुणाला काय मिळणार आहे.

आम्ही त्या जागी थांबलो. संध्याकाळी ती खुर्चीवर बसून समुद्राकडे बघत होती. बरी होती. पेस्टीचा एक तुकडा खाल्ला. कॅरॅव्हॅन गाडीला जोडलेलीच राहू दे म्हणाली, सकाळी लवकर निघता येईल.

सकाळी तिनं हाक मारली. उलटी झाली होती, काळसर, आणि पोट लाकडासारखं घट्ट. मी उचलून गाडीत न्यायला गेले. अंगाला हात लावला आणि ती अशी ओरडली की मी सोडलंच. तिला आत ठेवून कॅरॅव्हॅन ओढत न्यावी तर ती वाट सगळी खड्ड्यांची. फोनला रेंज नाही. गाडीतल्या रेडिओवर हाका मारल्या, नुसती खरखर.

मी म्हटलं, "मी सोडवते आणि जाते. मदत घेऊन येते."

ती म्हणाली, "कोरल, बस ना थोडी."

मी म्हटलं, "लगेच येते."

"बस ना," ती पुन्हा म्हणाली.

सीमेवर मी तिला काय ऐकवलं होतं ते तू वाचलंयस. ते माझ्या डोक्यात होतं, डॅरिल. तू हॉलमध्ये बोललास तेही होतं. मला वाटलं, मी हिच्यासारखी बसणार नाही, मी हिला वाचवून तुझ्या दारात नेणार. मी तिचे हात सोडवले आणि बाहेर गेले. ठोकळे, साखळ्या, वायर, पिन. काही चुकलं नाही. आत ती काही म्हणाली का ते मला ऐकू आलं नाही, कारण मी तेव्हा जोडणीपाशी होते आणि लक्ष तिथेच होतं.

हमरस्त्यावर पहिला ट्रक मिळाला. त्याच्या सॅटेलाइट फोनवरून विमानानं येणाऱ्या डॉक्टरांना कळवलं, ते निघाले. ट्रकवाला चांगला होता, ट्रक तिथेच ठेवून माझ्याबरोबर आत आला. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. तू जे म्हणाला होतास, की बसून राहायचं नाही, सोडवायचं आणि जायचं, ते मी अक्षरशः तसं केलं.

आम्ही पोचलो तर ती पलंगावर नव्हती. खिडकीजवळच्या बाकावर बसली होती, भिंतीला टेकून. पायात बूट होते. पलंगावरची चादर नीट ओढलेली होती, घाण झालेली गुंडाळून कोपऱ्यात. कपाटांच्या सगळ्या कड्या लावलेल्या. दोन्ही कप फडक्यात गुंडाळून सिंकमध्ये. छताची खिडकी बंद, आणि ती बंद करायला हात वर करावा लागतो, ते तिनं कसं केलं देव जाणे. जामची बरणी मांडीवर होती.

आतलं सगळं काम करून ठेवलं होतं तिनं. बाहेर पिन आणि साखळ्यांचा आवाज ऐकला असणार. मी सोडवतेय की जोडतेय, ते आतून कळत नाही. तिला वाटलं असेल आपण निघालो, तुझ्याकडे. किंवा बाहेर ट्रेव्हर आहे असं वाटलं असेल. मला माहीत नाही. विचारायला मी तिथे नव्हते.

डॉक्टर म्हणाले, मदत याहून लवकर आली असती तरी काही फरक पडला नसता. तो भला माणूस आहे, समजूत घालायला म्हणाला. पण मी रात्रंदिवस तेच उलटं करून ऐकते आहे. गेले नसते तरी फरक पडला नसता. ट्रेव्हर गेला तेव्हा त्याचा हात कुणाच्या तरी हातात होता. ग्लेनिसच्या हातात बरणी होती.

तू विचारलं होतंस, ती का बसून राहिली. खरं उत्तर तुला मिळालंय. आता मला कुणी विचारलं की तू का बसली नाहीस, तर मी काय सांगू? सांगेन की मला येत होतं म्हणून.

काल त्या जागी परत गेले आणि कॅरॅव्हॅन जोडली. ट्रकवाला मुद्दाम बरोबर आला होता. मी हूकपाशी बसले आणि मला पुढची पायरी आठवेना. बसून राहिले. तो लांब उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. नियम पाळत होता बिचारा. त्यानं बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

ती इथे हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत आहे. मी समोरच्या कॅम्पवर आहे, फाटकाजवळ, पांढऱ्या कॅरॅव्हॅनला तुझ्या बापानं रंगवलेली निळी पट्टी आहे, तुला लगेच ओळखू येईल. जाम फुटलेला नाही. एस्परन्स इथून दोन-अडीच तासांवर आहे, ट्रक असला तरी.

काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मलाही फार बोलवणार नाही. फक्त ये आणि थोडा वेळ बस.

कोरल आंटी